परकीय पदार्थ

टिकली खोटं बोलत नाही, हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मला तिचा रागच यायला लागला. मी स्वतः दिवसातून चार थापा मारल्याशिवाय जेवत नाही. माझ्या माहेरच्या कुकरची शिट्टी ऐकून स्टँडवरची एसटी सुटायची, हे मी माझ्या नातवंडांना शपथेवर सांगितलंय आणि त्यांनी ते शाळेत सांगून मार खाल्लाय. अशा बाईला खोटं न बोलणाऱ्या वस्तूचं कौतुक कुठून असणार?

कपाळावरची टिकली नव्हे हो. ही वस्तूंना लावायची. पण ती आली कशी, ते आधी सांगते, आणि त्यासाठी तृप्तीपासून सुरुवात करायला हवी.

तृप्ती शिरगावे कराडला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. वय पन्नाशीचं, नवरा कायम फिरतीवर, एकुलती एक लेक ईशा पुण्यात. आई गेली तेव्हा आईचं घरभर सामान हिच्याकडे आलं. टाकवेना, ठेवायला जागा नाही. मग फोनवरच्या 'फेरबाजार'वर एकेक वस्तू विकायला लागली. विकता विकता हात बसला. लोकांचं जुनं आणायचं, घासूनपुसून, चालवून बघून पुढे विकायचं. बाई तशी सरळ. टवका असेल तर टवक्याचा फोटो आधी टाकणार.

तर अशा सरळ बाईला लोकांनी काय छळलं! एकीनं पैठणी घेतली, मुलीच्या लग्नात मिरवली आणि 'रंग फोटोतल्यासारखा नाही' म्हणून परत पाठवली. पदराच्या घडीत अक्षता! मी स्वतः वेचल्या. दुसऱ्यानं मिक्सर घेतला आणि परत आला तो भलत्याच कुणाचा तरी, जळका. तृप्तीनं बुडाखालच्या नंबराचा फोटो फेरबाजारला पाठवला. कंपनी म्हणाली, फोटो अस्पष्ट आहे, ग्राहकाचं समाधान महत्त्वाचं. दर वेळी हिचाच माल जायचा आणि हिचंच नाव खाली यायचं.

मग ती वस्तू बांधतानाचा व्हिडिओ काढायला लागली. मी साक्षीदार. पावडर लावून, चांगलं पातळ नेसून कॅमेऱ्यापुढे उभी राहायचे.

"आजी, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. बोलू नका," ती म्हणायची.

"साक्षीदारानं बोलायचं नाही तर काय नाचायचं?"

"तुम्ही मागच्या वेळी इस्त्री संस्थानिकांच्या वाड्यातली आहे म्हणालात. त्या माणसानं पुरावा मागितला."

अशात फेरबाजारनं टिकली आणली.

आकारानं मसुराएवढी, रंगानं चंदेरी. ईशा ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे असलंच काहीतरी करतात, म्हणून मी तिला विचारलं, बाई, हे आहे तरी काय?

"आजी, गॅसचा लायटर दाबला की ठिणगी कशी पडते?"

"खटकन् पडते."

"आत एक स्फटिक असतो. त्याच्यावर दाब आला की वीज तयार होते. काही स्फटिक नुसते तापले किंवा गार झाले तरी वीज तयार करतात. टिकलीत असे लाखो बारीक स्फटिक आहेत. वस्तू आपटली, हलली, तापली, थंड पडली की कणभर वीज निघते आणि तीच वीज खालच्या पापुद्र्यावर खूण करून जाते. बॅटरी नाही, काही नाही. दुधावर सायीचे थर धरावेत तशा खुणा एकावर एक बसत जातात. फोन जवळ धरला की सगळे थर वाचता येतात."

"म्हणजे वस्तूच सांगणार, माझं काय काय केलं ते?"

"वस्तू खुणा दाखवणार. त्यांचा अर्थ लावणार पंच."

पंच म्हणजे फेरबाजारचा प्रोग्रॅम. त्यानं लाखो वस्तूंच्या खुणा आधी बघून ठेवलेल्या. पडलेला मिक्सर कसा दिसतो, पावसात भिजलेला रेडिओ कसा दिसतो, सगळं त्याला पाठ. जोडीला कुरियरच्या काट्यावरचं वजन. तक्रार आली की पंच टिकली वाचणार आणि एका ओळीत निकाल देणार. ग्राहक खोटा निघाला तर माल आणि पैसे दोन्ही विकणाऱ्याकडे, आणि ग्राहकाच्या नावापुढे काळी टिकली.

सहा महिन्यांत चोरांची अशी काही पळापळ झाली म्हणता! आणि नेहमीचंच झालं, जी गोष्ट मिक्सरसाठी आणली ती माणसांना लागली. घर भाड्यानं देणारे काळी टिकली बघायला लागले. कामाला ठेवणारे बघायला लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये मुलगी बघायला आलेल्या लोकांनी कांदेपोह्यांना हात लावायच्या आधी मुलीच्या बापाची टिकली विचारली. ही थाप नाही. पोहे मी केले होते.

तृप्ती मात्र फुलली. एक खोटा दावा फेटाळला, दुसरा फेटाळला. मान वर करून चालायला लागली. फेरबाजारनं तिला 'खात्रीची विक्रेती' केलं, दुकान सगळ्यांत वर दिसायला लागलं. गावातल्या बायका तिच्याकडे शिकायला यायच्या. ती त्यांना सांगायची, "मन घट्ट करायचं. समोरचा रडला तरी पंचाकडे बोट दाखवायचं."

मी खुर्चीत बसून माना डोलवायचे. खोटं कशाला सांगू, मलाही मजा येत होती.

त्या दिवसांतच तिनं आईचा मोठा कुकर विकायला काढला. दहा लिटरचा, जाड बुडाचा. वर टिंबाटिंबांनी आईचं नाव घातलेलं, लग्नातला. विकायचं जिवावर आलं होतं, पण एवढा भात तिच्याकडे खाणार कोण? टिकली लावली, मला उभं केलं, तांदूळ लावले. झाकण बसवतानापासूनचा व्हिडिओ आहे. तीन शिट्ट्या झाल्या, खणखणीत. टिकलीनं तिन्हींची थरथर टिपून घेतली. कुकर बार्शीला गेला.

घेणारी प्राजक्ता नाईकनवरे. तरुण पोरगी, घरगुती डबे करायची. तिला एका दवाखान्याच्या पेशंटच्या डब्यांचं मोठं काम मिळायचं होतं, त्यासाठी मोठा कुकर हवा होता. आठवड्याभरात तिचा आवाज आला फोनवर. तृप्तीनं मला ऐकवला.

"ताई, कुकर लई छान हाय, पण शिट्टीच हुईना. कडंनं वाफ जातीया नुसती. सासूबाईंनी पण करून बघितलं. मला परत करायचाय, तेवढं बघा की."

"आमच्याकडे तीन शिट्ट्या झाल्यात," तृप्तीनं उत्तर धाडलं. "व्हिडिओ आहे, टिकलीत नोंद आहे."

"व्हय, पण हितं हुईना ना ताई. मी खोटं कशाला बोलू?"

तृप्तीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बघा. मोठा स्वयंपाक होता घरात काहीतरी. चार दिवस वापरला, आता नको झाला."

"आवाज बरा वाटला गं पोरीचा."

"पैठणीवालीचा आवाज तर काय गोड होता, आजी."

कुकर परत आला. खोकं फोडायचं म्हणजे व्हिडिओ, म्हणून मी पावडर लावून हजर. तृप्तीनं टेप कापली, कुकर बाहेर काढला. लख्ख घासलेला. आमच्याकडून गेला होता त्याहून लख्ख. झाकण उघडलं, तर तळाशी कागदाची पुडी. पुडीत साखर. वाटीभर असेल.

फोन जवळ धरल्याबरोबर पंच बोलला. विक्रेतीकडे तीन शिट्ट्या; ग्राहकाकडे अनेकदा तापवला, एकदाही शिट्टीची थरथर नाही. वजनात फरक. आत परकीय पदार्थ. दावा संशयास्पद. आणि खाली लाल बटण: फसवणूक म्हणून नोंदवा.

आम्ही दोघी त्या पुडीकडे बघत होतो. त्या साखरेचा अर्थ आम्हाला कुणी शिकवायला नको होता. शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, चिमूटभर का होईना, काहीतरी घालून द्यायचं. तृप्तीची आई तर वाटी परत करायला घरात काही नसलं तर अंगणातलं जास्वंदीचं फूल घालायची.

"तृप्ती," मी म्हटलं, "फसवणारी बाई साखर घालेल का गं?"

तिचं बोट बटणावर होतं. थांबलं. मी तेवढ्यात अजून एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला मेलीला वाटलं, पंच काय मूर्ख आहे का? एवढा लाखो वस्तू बघितलेला!

"साखर घातली म्हणून वाफ धरत नाही हे खरं ठरतं का?" ती म्हणाली. "इथे शिट्ट्या झाल्या, तिथे नाही. म्हणजे तिनं काहीतरी केलंय. आपटला असेल, नाहीतर झाकणाशी खेळ केला असेल." आणि बटण दाबलं.

मग तिनं चहा टाकला. डब्यातली साखर नेमकी संपली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पुडी चहात गेली. दोघींनी प्यायला. चांगला झाला होता, हे सांगायला आता लाज वाटते.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी ईशा आली, बरोबर तिच्या प्रयोगशाळेतली मित्रमंडळी. एवढ्या जणांना पुरेल असा कुकर घरात तोच. ईशानं डाळ-तांदूळ लावले आणि कांदा चिरायला घेतला. मी आणि तृप्ती हॉलमध्ये लसूण सोलत होतो. बराच वेळ झाला.

"आई!" आतून ईशा ओरडली. "शिट्टीच होत नाहीये. कडेनं वाफ जातेय नुसती!"

"अगं, रिंग आधी फ्रीजरमध्ये ठेवायची," तृप्ती सोलता सोलता म्हणाली. "दहा मिनिटं ठेवली की आवळते, मग बरोबर बस—"

हातातली पाकळी हातातच राहिली.

ते शब्द तिच्या तोंडून कसे निघाले, ते मी बघितलंय. वर्षानुवर्षं त्या कुकरची रबराची रिंग सैल होती. तिची आई रिंग फ्रीजरमध्ये ठेवायची. बाहेर काढली, झाकणात बसवली, शिट्टी झाली. रिंग बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण कुकरला काही झालंय असं कुणाला वाटलंच नाही. तो तसाच असतो. फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे असतो, विरजणाची डबी असते आणि कुकरची रिंग असते. विकायच्या दिवशी व्हिडिओ झाकण बसवण्यापासून सुरू झाला, कारण त्याच्या आधी काही केलं हे तिच्या गावीही नव्हतं. हातानं केलं होतं, तिनं नव्हे.

ईशा बाहेर आली. आईचा चेहरा बघून तिनं काय झालं विचारलं. सगळं कळल्यावर तिनं फोनवर कुकरच्या टिकलीचे थर उघडले. विकायच्या दिवशीच्या रेघेत शिट्ट्यांच्या तीन उंच खुणा दिसत होत्या. त्यांच्या जरा आधी, झाकण लावल्याबरोबर, एक बारीकसा खड्डा. गार रिंग झाकणाला टेकली तेव्हाचा.

"टिकलीनं लिहिलं होतं," ईशा हळूच म्हणाली. "पंचानं सोडून दिलं. दार उघडं असेल, वारा आला असेल, असं समजून."

"म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती," तृप्ती म्हणाली.

"आई, आता कळलं ना? नवी रिंग घाल, कुकर पाठवून दे, पैसे परत कर. झालं."

"आणि तिची काळी टिकली?"

ईशानं फोन खाली ठेवला. कारण ती काढायला एकच रस्ता होता. विकणाऱ्यानं स्वतःविरुद्ध दावा करायचा, आणि सिद्ध करायचा. सिद्ध झाला की काळी टिकली त्याला लागते. खात्रीची विक्रेती ही पाटी जाते, दुकान जातं.

त्या दिवशी पाहुण्यांनी खिचडी पातेल्यात शिजवून खाल्ली. तृप्ती जेवलीच नाही.

तुम्हाला वाटेल, लगेच दावा केला असेल. नाही. आठवडा असाच गेला. सकाळी माझ्याकडे यायची, बसायची, म्हणायची, "आजी, मला मुद्दाम नव्हतं करायचं." मी म्हणायचे, "माहितेय गं." मग म्हणायची, "पण साखर बघितली होती मी." साखर मीही बघितली होती, आणि प्यायलेही होते. तिनं चहा सोडला. मी सोडला नाही, पण बिनसाखरेचा प्यायला लागले आणि डॉक्टरांनी सांगितलंय अशी थाप मारली.

शेवटी तिनं बार्शीला फोन लावला. मी शेजारीच होते. प्राजक्ता घरी नव्हती. तिच्या सासूनं उचलला.

"कोण? कराडच्या ताई?" म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, तुम्ही फोन केला ते बरं झालं. मला तुमच्याशी बोलायचंच हुतं. सुनेला काई माहीत नव्हतं ओ. ती साखर मी घातली."

"आई, ऐका ना—"

"जुनी खोड हो. भांडं मोकळं कसं धाडायचं, म्हणून पुडी टाकली. तेच्यात भेसळ का काय निघाली म्हणं. दवाखान्याचं काम आलं हुतं पोरीचं, तेनी नाव बघितलं आन दुसरीला दिलं. चूक माझी, ताई. तिचं नाव काळं झालं माझ्यापायी. आता बोलत नाही माझ्याशी. वाढती, पन बोलत नाही." मग म्हातारी म्हणाली, "तुम्ही त्या पंचाला सांगाल का, की म्हातारीनं केलं म्हणून?"

तृप्तीनं तोंडावर हात दाबला. मग म्हणाली, "सांगते, आई. पण तुम्ही नाही केलं. मी केलं."

फोन ठेवल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. कुकर काढला, जुनी रिंग बसवली, नवी टिकली लावली, फोन उभा केला.

"आजी, पावडर लावून या," ती म्हणाली. "आणि या वेळी बोला. जे बघितलं ते सगळं बोला."

आधी रिंग तशीच लावून कुकर ठेवला. वाफ गेली. मग रिंग फ्रीजरमध्ये ठेवून, कॅमेऱ्यासमोर दार उघडून, बाहेर काढून लावली. शिट्टी झाली. मग मी बोलले. साखरेचं बोलले, चहाचंही बोलले. आयुष्यात पहिल्यांदा एकही मीठमसाला न लावता बोलले, आणि माझी जीभ अशी अडखळली की कुणालाही वाटावं ही बाई खोटं बोलतेय.

पंचानं विचार करायला क्षणही घेतला नाही. विक्रेतीनं दोष लपवला. ग्राहकाचा दावा मान्य. प्राजक्ताची काळी टिकली गेली आणि तृप्तीची लागली. दुकान बंद झालं. शिकायला येणाऱ्या बायका जिना बदलून जायला लागल्या. ज्यांचे खोटे दावे तिनं फेटाळले होते त्यांनी ते पुन्हा उकरून काढले. त्यातला एक तर चक्क जिंकला. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

दवाखान्याचं काम मात्र परत आलं नाही. ते दुसरीला दिलेलं होतं आणि ती नीट करत होती.

तृप्तीनं कुकरला नवी रिंग घातली, दोन जास्तीच्या दिल्या, पैसेही परत केले. कुकरच्या आत स्टीलचा डबा ठेवला आणि डबाभर रव्याचे लाडू. पाक तीनदा बिघडला तिचा. पाठवताना कुरियरच्या यंत्रानं विचारलं, आत परकीय पदार्थ आहे का? तिनं 'होय' दाबलं. कोणता, म्हणून यंत्रानं चार पर्याय दिले: डाग, ओलावा, गंज, इतर. तिनं 'इतर' दाबलं.

प्राजक्ताचा या वेळी लिहून निरोप आला. "ताई, कुकरची शिट्टी झाली. लाडू पोचले, सासूबाईंना आवडले. राग नाही. डबा पाठवून देते."

बोलायला लागली वाटतं सासूशी, मी म्हटलं. तृप्ती पहिल्यांदा जराशी हसली. डबा येईपर्यंत तिच्या चार फेऱ्या खाली गेटपर्यंत झाल्या. मीही गेले असते, गुडघे नसते तर.

डबा आला. तिनं तो टेबलावर ठेवला, मला बोलावलं. व्हिडिओ नाही, काही नाही. मी तरी सवयीनं पदर सारखा केला. तिनं झाकण उघडलं.

घासलेला, पुसलेला, उन्हात वाळवलेला. तिनं आत हात घालून तळ चाचपला, कडा चाचपल्या. झाकण उलटं करून बघितलं. मग डबा माझ्यापुढे सरकवला, की मला तरी काही दिसतंय का.

डब्याच्या बुडाला कुरियरची टिकली होती. तृप्तीचा फोन तिथेच पडलेला, त्यानं आपणहून ती वाचली आणि पंचाचा निरोप पडद्यावर आला. हिरव्या अक्षरांत.

वस्तू उत्तम स्थितीत परत. आत काहीही आढळलं नाही. धन्यवाद.